ठाण्यातल्या सात जणांच्या घरासाठी सेकंड हँड गाडी: कोणती घ्यावी आणि कशी तपासावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सात माणसं: आई-वडील, नवरा-बायको, दोन मुलं आणि एक बहीण. राहायला कासारवडवली, ऑफिस ऐरोलीला. महिन्याचं रनिंग हजारभर किलोमीटर, बहुतेक सगळं शहरात. गणपतीला आणि मे महिन्यात देवगड. बजेट नऊ लाख. समोर तीन गाड्या आहेत: २०१३ ची इनोव्हा डिझेल (१,३८,००० किमी, तिसरा मालक), २०१९ ची अर्टिगा पेट्रोल (६२,००० किमी, पहिला मालक) आणि २०१९ ची मराझो डिझेल. कुठली घ्यावी, आणि बघायला जाताना काय तपासावं?

तिन्हींत तुमच्यासाठी अर्टिगा. अट एकच, ती गाडी खालच्या तपासणीत टिकली पाहिजे. वापरलेल्या गाडीत मॉडेलचं नाव निम्मंच काम करतं. उरलेलं निम्मं, ती गाडी कोणी, कुठे आणि कशी चालवली यावर ठरतं. नीट ठेवलेली मराझो ही मीटर मागे फिरवलेल्या इनोव्हापेक्षा कधीही चांगली.

डिझेल का नको, याचा हिशोब आधी करू. घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, ठाणे-बेलापूर रोड या रोजच्या रस्त्यावर अर्टिगा पेट्रोल लिटरला साधारण १२ देईल. जुनी इनोव्हा याच ट्रॅफिकमध्ये १० च्या आसपास राहील. हजार किलोमीटरला अर्टिगाला ८३ लिटर पेट्रोल, इनोव्हाला १०० लिटर डिझेल. आपल्याकडे पेट्रोल शंभरीच्या पुढे आणि डिझेल नव्वदीत आहे, म्हणजे महिन्याचं बिल जवळजवळ सारखंच येतं. डिझेलची बचत मोठ्या रनिंगवर दिसते, महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर आणि तेही हायवेवर. तुमचं तसं नाही. उलट डिझेलच्या दुरुस्त्या महाग: इंजेक्टर, टर्बो, हाय प्रेशर पंप. हे पैसे किलोमीटरच्या हिशोबात कुणी धरत नाही.

इनोव्हाबद्दल थोडं सविस्तर, कारण घरातल्या मोठ्यांचा कल तिकडेच असतो, आणि तो उगाच नसतो. २००५ ते २०१६ मधली २.५ लिटरची इनोव्हा लॅडर चेसिसवर (ट्रकसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेली, मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. सात माणसं आणि सामान घेऊन कशेडी घाट चढताना ती जे करते ते अर्टिगाला जमत नाही. पण तुमच्या समोरची गाडी २०१३ ची आहे. २०२८ मध्ये तिची पंधरा वर्षं पूर्ण होतील. तेव्हा फिटनेस करून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल, त्याची फी सध्या ५,००० रुपये, आणि वर पर्यावरण कर. शिवाय मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, हे पाहायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली आहे. निर्णय काय होईल ते पुढचं पुढे, पण बारा वर्षं झालेल्या डिझेल गाडीत आयुष्याची जमवलेली रक्कम अडकवताना हे डोक्यात असावं.

दुसरं, १,३८,००० हा आकडाच संशय घेण्यासारखा आहे. बारा वर्षांत तो म्हणजे वर्षाला साडेअकरा हजार. घरगुती गाडीला शोभणारा आकडा आहे, पण तीन मालक झालेली डिझेल इनोव्हा एवढी कमी फिरली असेल तर त्याचा कागदी पुरावा हवा. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. बेल्ट एक ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान बदलायचा असतो, आणि तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिनाचं डोकं उतरवावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल दाखवता आलं नाही तर तो बदललेलाच नाही असं धरा आणि टेन्शनरसकट बेल्टचा खर्च किमतीतून वजा करा. डॅशबोर्डवरचा टायमिंग बेल्टचा दिवा विझलेला असणं हा पुरावा नव्हे, तो दिवा बेल्ट न बदलताही रीसेट करता येतो. नवी क्रिस्टा, म्हणजे २०१६ नंतरची, चेनवर चालते. पण तिचा चांगला नमुना तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही, आणि बसणारा नमुना बहुधा टूरिस्टमध्ये राबलेला असेल.

मराझो गाडी म्हणून उत्तम आहे, इतकी की तिला नाही म्हणताना वाईट वाटतं. नाशिकला बनायची. तिसऱ्या रांगेत मोठा माणूस खरोखर बसू शकतो, मागच्या एसीची हवाही छान येते. पण आता ती बंद झाली आहे. इंजिनाचे आणि सर्व्हिसचे पार्ट मिळत राहतील. अडचण येते ती बंपर, हेडलॅम्प, दरवाजाची काच, आतले प्लास्टिकचे भाग यांची, कारण ते दुसऱ्या कुठल्या गाडीला लागत नाहीत आणि त्यासाठी थांबावं लागू शकतं. रुंदी १,८६६ मिलिमीटर आहे, सोसायटीच्या पोडियममध्ये दोन खांबांमध्ये लावून दरवाजा उघडतो का ते टेपने मोजून बघा. वर्षाला पंचवीस-तीस हजार हायवे किलोमीटर असते तर मराझोच सांगितली असती.

तुमच्या यादीत नसलेल्यांपैकी ट्रायबर चार मीटरच्या आत बसते, पण एक लिटरचं इंजिन सात जणांना घेऊन घाटात दमतं. कारेन्स फेब्रुवारी २०२२ मध्ये आली, सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटमध्ये, आणि बजेट थोडं ताणलंत तर १.५ पेट्रोल मॅन्युअल जरूर बघा. तिची डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स मात्र घोडबंदरच्या इंचाइंचाने सरकणाऱ्या ट्रॅफिकसाठी नको. तिचे क्लच कोरडे आहेत, सतत अर्धवट लागत राहिले की तापतात. शेवरोलेची एन्जॉय स्वस्त दिसेल, पण कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, त्या वाटेला जाऊ नका.

आधी सात जणांना बसवा

गाडी बघायला एकटे जाऊ नका. सातही जण जा आणि प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या जागी बसा. अर्टिगात आई-वडील आणि बहीण मधल्या रांगेत, मुलं मागे. मधलं सीट पुढे सरकवून मागच्यांना गुडघ्यापुरती जागा करा आणि तसंच वीस मिनिटं फिरा. आईचे गुडघे दुखत असतील तर अर्टिगाची बैठक सोयीची, कारण पाय फार उचलावा लागत नाही. इनोव्हात चढताना पकडायला दांडी लागते.

मग डिकी उघडा. तिन्ही रांगा वापरात असताना अर्टिगाला २०९ लिटर जागा उरते. त्यात तीन सॅक आणि एक मध्यम बॅग, बस्स. सात जणांचं आठ दिवसांचं देवगडचं सामान त्यात मावणार नाही, ते टपावर न्यावं लागेल. कॅरिअर घ्यायचा तर मालकाच्या पुस्तिकेत टपावरच्या वजनाची मर्यादा दिलेली असते, तिच्या आत राहा. म्हणूनच तुमच्यासाठी सीएनजी अर्टिगा नको. टाकी डिकीतच असते, आणि सातवा माणूस बसला की पिशवी ठेवायलाही जागा राहत नाही. एखादी सीएनजी गाडी फारच आवडली तर आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ नोंदलेलं आहे का आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी हायड्रोटेस्ट झाली आहे का, एवढं टाकीवरची पाटी वाचून खात्री करा.

मागच्या रांगेतले पट्टे लागतात का, डोक्यामागचे टेकू जागेवर आहेत का, हेही इथेच बघा. मुलं तिथे बसणार आहेत. २०१९ च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत अर्टिगाला तीन तारे मिळाले होते, म्हणजे कामचलाऊ. पट्ट्याशिवाय त्या ताऱ्यांना काही अर्थ नाही. जुन्या गाड्यांमध्ये मागचे बक्कल सीटखाली दबलेले असतात आणि वर्षानुवर्षं कुणी लावलेले नसतात.

गाडीचा इतिहास

गाडीला हात लावण्याआधी अर्धं काम फोनवर होतं. एम-परिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाका: मालक कितवा, नोंदणीची तारीख, कर्जाचा बोजा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, वाहनाचा वर्ग काय. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर ई-चलन बघा. चलनं थकलेली असतील तर ती भरून घ्यायची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि हे टोकन देण्याआधी ठरवा.

नंतर सर्व्हिस रेकॉर्ड. मालकाला सोबत घेऊन कुठल्याही ऑथराइज्ड वर्कशॉपमध्ये गेलात की नंबरवरून प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्या दिवशीचं मीटर निघतं. आकडे चढत्या क्रमाने आहेत का बघा. ४८,००० नंतर दीड वर्षाने ३९,००० दिसले तर विषय तिथेच संपला. सर्व्हिस २०२२ पर्यंत नियमित आणि मग एकदम बंद, असं असेल तर त्या काळातली बाहेरच्या गॅरेजची बिलं मागा. विमा कंपनीचा क्लेम इतिहासही मालकाकडून घ्या. मागच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर आला असेल तर बहुधा क्लेम झाला आहे, आणि तो कशाचा होता हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

ठाणे-नवी मुंबईत सगळ्यात मोठा धोका आहे तो टॅक्सीत राबलेल्या गाड्यांचा. ऐरोली, महापे, रबाळेच्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या अर्टिगा आणि इनोव्हा वर्षाला साठ-सत्तर हजार किलोमीटर सहज पळतात, आणि करार संपला की काही जण त्या पांढऱ्या पाटीवर आणून विकतात. आरसीवर पूर्वीचा वर्ग दिसला नाही तरी गाडी सांगते. मधल्या खांबांच्या प्लास्टिकवर आणि सीटच्या बाजूला लहान गोल बुजवलेली भोकं असतील तर तिथे पॅनिक बटणं होती. १ जानेवारी २०१९ नंतर नोंदलेल्या टॅक्सीसारख्या प्रवासी वाहनांना ती सक्तीची होती. बोनेटखाली वायरिंगला कापून परत टेप लावलेला तुकडा दिसला तर तो स्पीड गव्हर्नरचा (वेगाला मर्यादा घालणाऱ्या यंत्राचा) असू शकतो. बाजूच्या पत्र्यावर आडव्या रेषेत चिकट माती धरलेली दिसली तर रिफ्लेक्टर पट्टी काढलेली आहे. नंबर प्लेटमागच्या पत्र्यावर पिवळ्या रंगाचा शिंतोडा राहिलेला असतो.

मीटरवर विश्वास ठेवायचा तर गाडीची झीज मीटरशी जुळली पाहिजे. ६२,००० किलोमीटरच्या गाडीत क्लच पेडलचं रबर कडेला थोडं गुळगुळीत असेल, पूर्ण घासून पत्रा दिसणार नाही. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलेली असेल, फाटलेली नसेल. नवं कोरं स्टीअरिंग कव्हर आणि नवे सीट कव्हर एकाच वेळी लावलेले दिसले की ते काढून बघायला सांगा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. ६२,००० ला टायरचा दुसरा सेट असणं योग्यच आहे. पण मीटर २५,००० दाखवतंय आणि चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे आहेत, तर का ते विचारा. टायर अजून २०१९ चेच असतील तर खोबण कितीही दिसो, रबर जुनं झालं. १८५/६५ आर १५ चा नवा सेट तुमच्या हिशोबात धरा.

पाणी, गंज आणि ठोकर

आपल्याकडे गाडी पाण्यात गेलेली नाही याची खात्री करणं हे इंजिन बघण्याइतकंच महत्त्वाचं. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीला उल्हास नदीचं पाणी शिरलं, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूण. त्या गाड्या धुऊन-पुसून कुठे ना कुठे विकल्या जातातच. गावाचं पासिंग बघून गाडी नाकारू नका, पण बारकाईने बघा. प्रत्येक सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण गुंडाळलेल्या पट्ट्याचा आतला हात-दीड हात कुणी धूत नाही. तिथे मातकट आडवी रेघ दिसली तर गाडीत पाणी तेवढ्या उंचीपर्यंत आलं होतं. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टीअरिंगखालचा फ्यूज बॉक्स, स्टेपनीच्या जागी साचलेली बारीक वाळू, हेडलॅम्पच्या आतला धुरकट थर हेही बघा. सगळ्या काचा बंद करून गाडी दहा मिनिटं उन्हात ठेवा आणि मग दार उघडून वास घ्या. उग्र सुगंधी परफ्यूम लावलेला असेल तर आणखी नीट घ्या.

पट्ट्याचं आणखी एक काम आहे. पुढच्या दोन्ही पट्ट्यांच्या खालच्या टोकाला बनवल्याची तारीख छापलेली चिठ्ठी असते. गाडी २०१९ ची आणि पट्टा २०२१ चा असेल तर मोठ्या धडकेत पट्टे आणि बहुधा एअरबॅग उडाल्या आहेत. मग एअरबॅगचा दिवा बघा: चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर दिवा तोडला आहे. इंजिन सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिव्याबरोबर विझत असेल तर तो त्या दिव्याला जोडून दिलेला आहे.

खाडीकाठच्या हवेत, वाशी, नेरूळ, ऐरोलीला उघड्यावर उभी राहिलेली गाडी खालून गंजते. लिफ्टवर चढवून दारांच्या खालच्या कडा, सायलेन्सरचे जोड, मागच्या अॅक्सलचे वेल्ड आणि ब्रेकच्या बारीक लोखंडी नळ्या बघा. वरचा तांबूस थर चालतो. स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर पापुद्रा सुटला तर चालत नाही. इनोव्हात मागच्या एसीच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. तिथे गंजून गळती लागली की मागची हवा गरम होते, आणि विकणारा ‘गॅस भरला की झालं’ म्हणतो. गॅस भरून काही महिन्यांत पुन्हा जातो.

रंगासाठी पेंट मीटर मिळाला तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० च्या पुढे म्हणजे पुन्हा रंगवलंय, ३०० च्या पुढे म्हणजे खाली पुट्टी आहे. एक दार किंवा बंपर रंगवलेलं असणं हे ठाण्यात नवल नाही, त्यावरून गाडी सोडू नका. सोडायची ती पुढचे एप्रन (बोनेटखाली दोन्ही बाजूंचे आतले पत्रे), खांब, छत किंवा डिकीखालचा पत्रा यांचं काम झालं असेल तर. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पाना लागल्याची खूण आहे का, कंपनीचे गोल वेल्ड सारख्या अंतरावर आहेत का, एवढं साध्या टॉर्चने दिसतं.

थंड इंजिन आणि गायमुखचा चढ

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा की तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटला आणि रेडिएटरला हात लावा. कोमट असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड असेल तर रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट बघा. हिरवा, गुलाबी किंवा निळा, पण स्वच्छ हवा, तपकिरी किंवा वर तेलाचा तवंग नको. डिपस्टिक पुसून परत घाला, तेल दुधाळ दिसलं तर पुढे बघायचंच नाही. आता एका माणसाला मागे उभं करून चावी फिरवा. पहिल्या दोन-तीन सेकंदांतला खुळखुळाट थांबला पाहिजे. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा धूर मिनिटभरात गेला तर ती वाफ. गोडसर वासासह येतच राहिला तर कूलंट सिलिंडरमध्ये जातोय. डिझेलमध्ये इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून ठेवा. ते किंचित थरथरलं तर ठीक, भकाभका हवा मारून उडायला लागलं तर पिस्टन रिंग गेल्या. बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसायला हवेत.

२०१९ च्या पेट्रोल अर्टिगाची खास गोष्ट: तिच्यात माइल्ड हायब्रिड (इंजिनाला हातभार लावणारी छोटी मोटर-जनरेटर) आहे आणि पुढच्या डाव्या सीटखाली लिथियमची दुसरी बॅटरी असते. सिग्नलला न्यूट्रलमध्ये थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होऊन क्लच दाबताच चालू होतं का बघा. कधीच बंद होत नसेल तर मुख्य बॅटरी कमजोर असेल, नाहीतर लिथियमची बॅटरी संपत आली असेल, आणि ती स्वस्त नाही. मारुतीने सप्टेंबर २०२१ मध्ये ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० दरम्यान बनलेल्या पेट्रोल अर्टिगा, एक्सएल६, सियाझ वगैरे १,८१,७५४ गाड्या मोटर-जनरेटर तपासायला परत बोलावल्या होत्या. तेव्हा पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी घालू नका अशी सूचनाही होती. तुमची गाडी त्याच काळातली आहे, म्हणून हे काम झालं की नाही ते वर्कशॉपच्या रेकॉर्डमध्ये आवर्जून बघा. आपल्या पावसाळ्यात ते शंभर टक्के महत्त्वाचं आहे.

चाचणीसाठी रविवारी सकाळी सातला निघा आणि गाडी गायमुखच्या चढावर न्या. नंतर तिथे इतकं ट्रॅफिक होतं की काही कळत नाही. नवी मुंबईची गाडी असेल तर बेलापूरचा पारसिक हिलचा चढ घ्या. चढावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट घसरतेय. गाडीत पाच-सहा जण बसलेले असू द्या, रिकाम्या गाडीत ही खोड लपते. उतरताना साठवरून दमदार ब्रेक मारा. स्टीअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या, गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर किंवा अलाइनमेंट. चढावर हँडब्रेकवर उभी करून बघा.

मग स्पीड ब्रेकरवरून काचा खाली करून हळू जा. पुढून येणारा खडखड आवाज बहुधा लिंक रॉडचा किंवा लोअर आर्मच्या बुशचा असतो, ते स्वस्तात होतं. धप्प असा जड आवाज स्ट्रट माउंट किंवा शॉक अॅब्सॉर्बरचा. मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून गोल फिरा. कटकट आली तर पुढच्या चाकाचा ड्राइव्ह शाफ्ट. इनोव्हा बघत असाल तर पुढे-मागे गिअर बदलताना खालून ठक् असा आवाज येतो का, आणि सत्तरच्या वेगाला मागून घूंऽ असा गुणगुणाट येतो का ते ऐका: पहिला प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा, दुसरा डिफरन्शियलचा.

एसी पंधरा मिनिटं उभ्या गाडीत चालवा, आणि त्या वेळात तुम्ही स्वतः तिसऱ्या रांगेत बसा. विकत घेणारे जवळजवळ सगळे पुढे बसून एसी तपासतात. मेमध्ये मुलं मागे गुदमरली की मग कळतं.

शेवटी स्वतःचा मेकॅनिक न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नाही. दोन-तीन हजार रुपये घेईल, लिफ्ट आणि स्कॅनर त्याच्याकडे हवा. स्कॅनरमध्ये दोषांचे कोड नाहीत हे पुरेसं नाही. गाडीच्या स्व-चाचण्या ‘अपूर्ण’ दाखवत असतील तर कोड आदल्याच दिवशी पुसले आहेत. मग शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा, पुसलेला दोष परत वर येतो.

पैसे आणि कागद

बजेटचे पूर्ण नऊ लाख गाडीत घालू नका. आठ-सव्वाआठपर्यंत व्यवहार बसवा आणि बाकी हातात ठेवा. टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, ब्रेक ऑइल, कूलंट, वायपर, विमा यांत ते पैसे पहिल्या दोन महिन्यांत जातात. भाव करताना ‘थोडं कमी करा’ म्हणू नका. वर्कशॉपकडून दोषांचं लेखी कोटेशन घ्या आणि तो आकडा समोर ठेवा. टोकन देताना व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घ्या: मेकॅनिकच्या तपासणीत किंवा सर्व्हिस रेकॉर्डमध्ये दोष निघाला तर टोकन परत.

गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला कर वेगळा भरावा लागतो. दिल्लीत दहा वर्षांनी रस्त्यावरून उतरलेल्या डिझेल इनोव्हा म्हणून स्वस्त दिसतात, आणि कर जोडला की तो स्वस्तपणा उरत नाही. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावलेली हवी, नाहीतर आरटीओत काम अडतं.

विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, पण पॉलिसी तुमच्या नावावर व्हायला हवी आणि त्यासाठी विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवायचं असतं. तोवर ठोकर झाली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम अडकतो. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट दोघांच्या सहीने करा. त्या वेळेनंतरची चलनं तुमची, आधीची त्यांची. दुसरी चावी, मूळ आरसी आणि सर्व्हिस बुक त्याच वेळी हातात घ्या, ‘नंतर पाठवतो’ नको. विकणाऱ्याचा फास्टॅग त्याच्याकडून बंद करून घ्या आणि तुमच्या नावाचा नवा लावा, नाहीतर देवगडला जाताना पहिल्याच टोल नाक्यावर टॅग ब्लॅकलिस्ट निघून जादा टोल भरावा लागेल.